साहेबांची उडी

उदगीरहून देवणीकडं जाणाऱ्या गाडीत शिवगंगेला खिडकीची जागा मिळाली, पण तिनं बाहेर एकदासुद्धा बघितलं नाही. मांडीवर पिशवी आणि पिशवीवर दोन्ही हात. शेजारच्या बाईला गप्प बसवेना.

"कुण्या गावच्या वो तुम्ही?"

"भोकरकडची."

"आत्तं बया! मंग हिकडं कुठं?"

"हिपरसांगवीला."

"साहेबांचं घर बघाया? एकल्याच?" बाई खूष झाली. "बघा, बघा. आमची नातवंडं दोनदा जाऊन आली. तिथला माणूस उडीची गोष्ट लई झ्याक सांगतो. अंगावर काटा येतो बघा."

शिवगंगेनं पिशवी अजून घट्ट धरली. तिच्या अंगावर काटा वर्षभर होताच, त्यासाठी तिला गोष्टीची गरज नव्हती.

साहेब म्हणजे दौलतराव गंभिरे. निजामाच्या तुरुंगात राहून आलेले, पुढं दिल्लीत मंत्री झालेले, शाळेच्या पुस्तकात फोटो असलेले. हिपरसांगवीत त्यांचं लहानपण गेलं ते माळवदाचं घर एका स्मारक समितीनं जसंच्या तसं जपून ठेवलंय. जसंच्या तसं म्हणजे भिंतींना दरसाल नवा रंग आणि पाळण्याला प्लास्टिकची फुलं, एवढं सोडलं तर. थंडी पडली की शाळांच्या सहली सुरू होतात. पोरं येतात, पाटी बघतात, कंदील बघतात, परसातली बारव बघतात आणि भेळ खाऊन घरी जातात.

शिवगंगेचा शिवांश मात्र घरी आला नव्हता. गेल्या थंडीत, पाचवीत असताना, तो त्या बारवेत बुडून मेला.

मेला, हे एक झालं. ते तर देवानं केलं म्हणून ऊर बडवून घेता येतं. पण मेल्यावर लोकांनी त्याला आगाऊ ठरवलं, ते तिला गिळता येत नव्हतं. समितीनं सांगितलं, शाळेनं मान डोलावली, की जेवणाच्या सुट्टीत पोरगा गुरुजींची नजर चुकवून, मनाई असताना बारवेकडं गेला आणि त्यानं उडी मारली. झालं! गावाला तेवढंच पुरलं. दळणाला गेलं तरी बायका हळहळत म्हणायच्या, "काय करता शिवगंगाबाई, आजकालची लेकरं ऐकतच न्हाईत." तिच्या तोंडावर म्हणायच्या. माणसाच्या जिभेला हाड नसतं ते नसतंच, पण डोळ्यांत थोडं पाणी तरी असावं.

ऐकत नाहीत? शिवांश? अहो, जे पोरगं घरच्या माठातलं पाणी प्यायच्या आधी "मम्मी, पाणी पिऊ का?" म्हणून विचारायचं, ते! चप्पल घालू का, टीव्ही लावू का, आत्याला फोन देऊ का. शिवगंगेनंच ती सवय लावली होती. दोन बाळंतपणं वाया गेल्यावर झालेलं एकुलतं एक लेकरू. तिनं त्याला कधी नदीवर जाऊ दिलं नाही, झाडावर चढू दिलं नाही. विचारल्याबिगर काही करायचं न्हाई, हे त्याला बोलायला यायच्या आधीपासून शिकवलेलं. असलं पोरगं परक्या गावात, परक्या बारवेत, पोहता येत नसताना उडी मारतं?

"का मारली असंल वो?" असं ती सुरुवातीला नवऱ्याला रोज विचारायची. भुजंग उठून बाहेर जायचा. सहलीच्या सकाळी शिवांश गाडीत चढायला कचरत होता, तेव्हा भुजंगनंच त्याच्या पाठीत हलकी चापट मारून म्हटलं होतं, "चढ की रं भित्रटा! साहेब तुझ्याएवढे असताना काय काय करायचे, बघून ये जरा." शिवगंगेनं ते ऐकलं होतं. तिनं ऐकलं हे भुजंगला माहीत होतं. तेव्हापासून त्याच्या तोंडून पोराचं नाव निघालं नाही. भिंतीवरचा फोटोही त्यानंच उतरवून कपाटात ठेवला.

आणि एक गोष्ट होती, तीच आत्ता पिशवीत होती. दवाखान्यातून शिवांशच्या कपड्यांचं ओलं बोचकं मिळालं, त्यात गणवेशाबरोबर एक लाल कापड निघालं. लांबलचक, जरीच्या काठाचं, चिखलानं भरलेलं. घरातलं नव्हतं, शाळेचंही नव्हतं. कुणीतरी मायाळू माणसानं लेकराला गुंडाळलं असेल असं समजून शिवगंगेनं ते धुतलं, वाळवलं आणि घडी घालून ठेवलं. वर्षभर मनातल्या मनात त्या माणसाचे उपकार मानले. आता भावाला भेटायला उदगीरला जाते असं भुजंगला सांगून ती निघाली होती. ते घर एकदा बघायचं, ती बारव बघायची, आणि आपलं लेकरू का मेलं ते कळल्याबिगर परत फिरायचं नाही, एवढंच तिनं ठरवलं होतं. कुणाला विचारायचं, ते काही ठरवलं नव्हतं.

घराच्या ओसरीवर प्लास्टिकच्या खुर्चीत एक म्हातारी बसवलेली होती. बसवलेलीच म्हणायची, कारण येणारा प्रत्येक जण आधी तिच्या पाया पडत होता आणि ती प्रत्येकाला नुसता हात वर करत होती. ही उमाबाई, साहेबांच्या चुलतभावाची बायको, घराण्यातली उरलेली एकटी. शिवगंगा वाकली तेव्हा म्हातारीनं विचारलं, "एकलीच आलीस का गं? लेकरं न्हाई आणली?"

"न्हाई अव्वा," एवढंच म्हणून ती आत गेली.

आत धर्माबादच्या एका शाळेची पोरं भरली होती. घर दाखवणारा माणूस त्यांच्या मधोमध उभा होता. पन्नाशीचा, पांढऱ्या कपड्यांतला, आवाज असा की मागच्या पोरालाही कान द्यावा लागत नव्हता. सिद्धलिंग त्याचं नाव. पोरं त्याला सिद्धूकाका म्हणत होती. हा पाळणा, ही पाटी, ह्याच चुलीवरची भाकर खाऊन साहेब वाढले. गडी मोठा रंगात होता. पोरं हसत होती, गुरुजी हसत होते. शिवगंगा दाराला टेकून त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. माणूस वाईट दिसत नव्हता. एका चिमुरड्या पोरीच्या बुटाची सुटलेली लेस त्यानं बोलता बोलता खाली बसून बांधून दिली.

मग सगळे परसात आले.

बारवेवर आता लोखंडी जाळी होती आणि जाळीला कुलूप. जाळीखाली काठाचा एक मोठा चपटा दगड दिसत होता, त्याच्या पुढं पायऱ्या आणि हिरवं पाणी. शिवगंगेला वाटलं होतं, बघितल्याबरोबर आपण कोसळू. तसं झालं नाही. पाय घट्ट उभे राहिले आणि तिला स्वतःचाच राग आला.

बारवेच्या मागच्या भिंतीवर रंगीत चित्र होतं. डोक्याला लाल फेटा बांधलेला पोरगा हवेत उडी घेतोय, आणि काठावर घोड्यावरचे पोलीस तोंडं वासून उभे. सिद्धलिंग चित्राकडं पाठ करून उभा राहिला.

"साहेब तवा तुमच्याएवढे. गुप्त चिठ्ठी फेट्यात लपवून चालले होते. निजामाचे पोलीस लागले मागं! पुढं बारव, मागं घोडे. काय केलं असंल साहेबांनी?"

"उडी मारली!" पोरं ओरडली.

"भ्याले का?"

"न्हाई!"

"हाय का तुमच्यात कुणी असा वाघ?"

"हाव!" म्हणून झाडून सगळ्यांचे हात वर. सिद्धलिंगनं मान हलवली. "वरडणारे बाजूला व्हा. मला तो मागं लपलेला पाहिजे. हां, तूच. ये रं बाळा. साहेबांच्या दारात आलेला भित्रासुद्धा वाघ होऊन जातो."

गुरुजींच्या मागं दडलेलं एक किरकोळ पोरगं पुढं ढकललं गेलं. सिद्धलिंगनं खोलीतल्या पेटीतून फेटा आणला आणि त्याच्या डोक्याला गुंडाळायला लागला.

लाल फेटा, जरीच्या काठाचा.

शिवगंगेचा हात पिशवीत गेला. कापड बोटांना लागलं, तो काठ बोटांना लागला. तिनं ते बाहेर काढलं नाही, नुसतं मुठीत धरून ठेवलं.

"सिद्धूकाका, त्या दगडावरच उभं करा की," गुरुजी मोबाईल काढत म्हणाले. "मागं आम्ही आलतो तवा तिथंच फोटो घेतला होता. लई भारी आलता."

"आता बंद केलंय सर. जाळी बसवली."

"का?"

"असंच. सुरक्षेसाठी." सिद्धलिंग त्यांच्याकडं न बघता म्हणाला. त्यानं पोराला परसदाराच्या पायरीवर उभं केलं, हात कमरेवर ठेवायला लावले. "हां, पोरांनो, मोजा!"

"एक!" पोरं ओरडली. "दोन! तीन!"

आणि ते किरकोळ पोरगं पायरीवरून खाली अंगणात उडी मारून मोकळं झालं. पायरी वीतभर उंच. टाळ्या पडल्या. पोराचं तोंड फुललं. शिवगंगेला मात्र त्या पायरीच्या जागी तो चपटा दगड दिसला आणि अंगणाच्या जागी पाणी, आणि तिला सगळं कळलं. जेवणाची सुट्टी नव्हती. नजर चुकवणं नव्हतं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, टाळ्यांसाठी हात तयार असताना तिचं लेकरू गेलं होतं.

पोरं भेळेकडं पळाली. सिद्धलिंग फेट्याची घडी घालत उभा होता. शिवगंगा त्याच्यासमोर गेली आणि तिनं आपलं कापड त्याच्या हातातल्या कापडावर ठेवलं. काठाला काठ जुळला.

सिद्धलिंगनं आधी कापडाकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"तुम्ही... भोकरच्या?"

"माझ्या लेकराच्या डोक्याला हे तुम्हीच बांधलं का?"

तो पायरीवर बसला. मघाचा तो खणखणीत आवाज कुठल्या कुठं गेला.

"अक्का, शप्पथ सांगतो, मी उडी मार म्हनलो न्हाई. फोटोसाठी हुबं केलं. सगळ्यांनाच करायचो. इतकी सालं, इतकी लेकरं, कुणीच..." तो थांबला. "तुमच्या गुरुजींनी त्यांचा मोबाईल माझ्या हातात दिला, सगळ्यांचा मिळून फोटो काढा म्हनून. मला तो उघडंना. तोवर पोरं मोजाया लागली."

"मोजायला कुणी शिकवलं त्यांना?"

सिद्धलिंग हातातल्या फेट्याची घडी मोडून पुन्हा घालायला लागला.

"मी विचारून राहिले, मोजायला कुणी शिकवलं?"

"मीच. मीच शिकवतो." मग जे कुणी विचारलं नव्हतं तेही तो बोलला. "अक्का, तीन म्हनल्यावरबी ते लेकरू थांबलं होतं. माझ्याकडं बघत होतं. 'काका, मारू का?' म्हनलं."

शिवगंगेनं परसदाराची चौकट धरली.

"मंग?"

"माझं ध्यान मोबाईलमधी. मी... हं म्हनलो. काय विचारलं ते डोस्क्यात शिरलंच न्हाई. नुसतं हं म्हनलो."

बाहेर भेळवाला कांदा चिरत होता, त्याचा आवाज आत येत होता. शिवगंगेला हसू येतं की रडू, तेच कळेना. विचारलं होतं. तिच्या लेकरानं विचारलं होतं! परक्या गावात, डोक्यावर परका फेटा, पुढं खोल पाणी, सगळी शाळा ओरडत असताना, आईनं शिकवलेलं विसरलं नाही. आईनं नीटच शिकवलं होतं की. विचारायचं, आणि मोठं माणूस हो म्हटलं की करायचं.

"जेवणाच्या सुट्टीत, नजर चुकवून," ती हळू म्हणाली. "हे कुणी काढलं?"

"सगळ्यांनी मिळून. समितीची माणसं आली, तुमचे गुरुजी रडून राहिले होते, मीबी... लेकरांनाबी दम दिला, घरी बोललात तर तुमच्यावरच येईल म्हनून. साहेबांच्या नावाला डाग लागू नये म्हनले."

"आन माझ्या लेकराच्या नावाला?" आता तिचा आवाज चढला. "मेलेल्या लेकराला आगाऊ म्हनताना लाज न्हाई वाटली तुम्हाला? गाव थुंकतंय त्याच्या नावावर! त्याचा बाप वर्षभर जित्या मढ्यासारखा फिरतोय! तुमच्या साहेबानं मारली उडी, तर तुम्ही मारा की एकेक! परक्या लेकरांना कशापायी उभं करता?"

"कुठली उडी गं बाई," मागून कुणीतरी म्हणालं.

उमाबाई काठी टेकत परसदारात येऊन उभी राहिली होती. तिनं किती ऐकलं कुणास ठाऊक, पण डोळे पुसत होती.

"अव्वा, तुम्ही बसा जाऊन," सिद्धलिंग घाईनं म्हणाला.

"बसूनच हाय की मी. बोलायचं काम तुझं, हात वर करायचं माझं." म्हातारी शिवगंगेकडं वळली. "साहेबाला आई नव्हती. माझ्या सासूनं वाढवला. ती सांगायची, दौल्या पाण्याला असा भ्यायचा की न्हाणीत अंगावर तांब्या वतला तरी वाडा डोक्यावर घ्यायचा. म्हातारा झाला तरी बारवेच्या काठाला गेला न्हाई. पोलीस न्हाईत, घोडे न्हाईत. चिठ्ठीबिठ्ठी सगळं पुढं, मोठेपणी. पोरं पाटी बघून कंटाळत्यात म्हनून ह्या सिद्धलिंगनं गोष्ट लावली. समितीला गोड वाटली, भिंतीवर चित्र आलं. मी एकदा बोलले, तर म्हनले, म्हातारीला भरमलंय."

सिद्धलिंगनं दोन्ही फेटे छातीशी धरले होते. तो नाही म्हणाला नाही.

तेवढ्यात पुढच्या दाराशी गलका झाला. दुसरी एक शाळा आली होती. पायातले बूट काढतानाच पोरं विचारत होती, "बारव कुठाय? उडीची बारव कुठाय?" त्यांच्या बाई "रांगेत! रांगेत!" करून ओरडत होत्या, पण रांग कसली, पाटी-कंदील सोडून सगळी पोरं थेट परसात घुसली आणि चित्रासमोर जमली. एकदोघांनी सिद्धलिंगला ओळखलं. "सिद्धूकाका, गोष्ट!"

सिद्धलिंग उठला. त्यानं शिवगंगेकडं बघितलं आणि तो बाजूला सरकला, पार भिंतीला जाऊन टेकला.

शिवगंगा चित्राखाली जाऊन उभी राहिली. चारचौघांत ती कधी बोलली नव्हती. सासरी मोठ्यानं हाकसुद्धा मारली नव्हती.

"साहेब तुमच्याएवढे होते," ती म्हणाली. "हितं आले. ह्या दगडापाशी. खाली पाणी बघितलं."

"आन उडी मारली!" पुढचा एक जण ओरडला.

"न्हाई मारली."

बाईंनी मान वर केली.

"भ्याले?" एका पोरीनं विचारलं.

"हाव. लई भ्याले. रडू आलं."

कुणीतरी फिदीफिदी हसलं. "मंग?"

"मंग मागं फिरले. घरी आले. चुलतीनं भाकर दिली, ती खाल्ली आन निजले. सकाळी उठून शाळेला गेले. असं रोज घरी येत येत मोठे झाले."

"एवढंच?" पोरं हिरमुसली.

"एवढंच." शिवगंगेनं एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. सगळी धडधाकट, नाकं वाहणारी, कुणाच्या खिशातून चिक्कीचा कागद डोकावत होता. "गेल्या साली हितं एक लेकरू मेलं. शिवांश त्याचं नाव. आगाऊ नव्हतं. डोक्याला फेटा बांधून त्याला दगडावर हुबं केलं आन सगळ्यांनी मोजलं. त्यानं विचारलं, मारू का? मोठं माणूस हं म्हनलं. म्हनून त्यानं मारली."

बाई पुढं यायला लागल्या. उमाबाईनं काठी आडवी धरली, तशा त्या थबकल्या.

"तवा ऐका," शिवगंगा म्हणाली. "कुणी असं उंचावर हुबं केलं आन मोजाया लागलं, तर गुमान खाली उतरायचं. कुणालाच विचारायचं न्हाई. मला विचारायचं न्हाई, तुमच्या बाईंना विचारायचं न्हाई. उतरायचं आन घरी जायचं. कळलं का?"

"हाव!" पोरं सवयीनं एका सुरात ओरडली, मघाच्या शाळेतली पोरं ओरडली होती तशीच. त्यांच्यातलं सगळ्यात धाकटं, पुढ्यात उभं असलेलं पोरगं तिचा पदर ओढून म्हणालं, "मावशी, आता खाली बसू का?"

वर्षभर अडलेलं रडू शिवगंगेला तेव्हा आलं.